कोवळ्या ओठांचे शंख

डॉक्टरचा फोन आला तेव्हा शंखबाई जेवणाचा डबा धुऊन टेबलाशी परतत होती. डॉक्टर म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. ती जनावरांची डॉक्टर. दवाखाना सुरू केल्यापासून घरात तिला नावाने हाक मारणं सगळे विसरूनच गेले होते. शंखबाईचंही तसंच. संस्थेतल्या तिच्या टेबलावर बारा महिने गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख मांडलेले असत. कुठल्या नदीत, तळ्यात, नळाच्या टाकीत गोगलगाय सापडली की लोक ती बाटलीत घालून पाठवत, आणि ही कोणत्या जातीची, तापदायक की निरुपद्रवी, हे ती लिहून देई. शिपायाने एकदा तिला शंखबाई म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

डॉक्टरने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. तळ्याकाठच्या मेंढ्या आजारी पडल्यात, जबड्याखाली पाणी साचतंय, तीन आठवड्यांत चाळीसेक गेल्या, असं तिने एका दमात सांगितलं. पोट उघडलं की यकृतात पानासारखे चपटे कृमी निघत होते. एवढं सांगून तिने विचारलं,

"वहिनी, चार वर्षांपूर्वी तुम्ही तळ्याबद्दल पत्र दिलं होतंत, त्याची प्रत असेल ना? माझ्याकडची लोकांना दाखवून दाखवून फाटली."

शंखबाई म्हणाली, आहे, पाठवते. फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आलं की हातातला डबा तिने शंखांच्या ताटलीतच ठेवला होता.

तो चपटा कृमी थेट मेंढीत जात नाही. आधी त्याला एका गोगलगायीच्या पोटात वाढावं लागतं, मग तो गवतावर येतो आणि गवताबरोबर मेंढीच्या पोटात. पण हे बिऱ्हाड कुठलीही गोगलगाय देत नाही. त्या भागात दिसायला सारख्या अशा दोन जाती होत्या. लॅटिन नावं घेताना जीभ वळायची नाही, म्हणून संस्थेत त्यांना थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणत. थोरलीचा शंख मोठा, तोंड कानाच्या पाळीसारखं पसरट. धाकटी चणीने लहान, तोंड अरुंद. कृमीला घर देते ती थोरली. धाकटीच्या दारात तो उभा राहिला तरी आत काही जाऊ शकत नाही. तळ्यात फक्त धाकटी आहे, असं शंखबाईने चार वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं. त्या पत्रावर भिस्त ठेवून पाणीखात्याने या रोगाच्या भीतीने बंद केलेलं तळ्याकाठचं कुरण उघडलं होतं.

प्रत काढायला म्हणून ती उठली आणि प्रतीच्या आधी नमुन्याची डबी शोधायला लागली. डबी खालच्या कपाटात मागे गेली होती. झाकणावर तिचंच अक्षर. आत कापसावर साठ-पासष्ट कोरडे शंख, वाटाण्याएवढे. तिने एक उचलून भिंगाखाली धरला, मग दुसरा, मग पाच-सात एकदम.

वाढ पूर्ण झालेल्या शंखाच्या तोंडाचा काठ, ज्याला संस्थेतली मंडळी ओठ म्हणतात, तो जाडसर झालेला असतो. या शंखांचे ओठ कागदासारखे पातळ होते. वेढे मोजले तर तेही कमी भरले. तोंडं अरुंद होती खरी, पण थोरलीचं पिल्लू असतं तेव्हा त्याचंही तोंड अरुंदच असतं. तिने चार वर्षांपूर्वी हे शंख बघितले होते, लहान आहेत म्हणून धाकटी ठरवले होते आणि वय मोजलंच नव्हतं. शाळेच्या पटांगणातली पोरं बघून इथे बुटक्या माणसांची वस्ती आहे, असं लिहून द्यावं, तसं.

खरं तर दहा मिनिटांत कळलं होतं. तरी तिने सगळे शंख तीनदा बघितले. तिसऱ्यांदा तर एखादा तरी ओठ जाड निघावा म्हणून भिंग बदलून बघितलं. एकही निघाला नाही.

ती संस्थेच्या प्रमुखांकडे गेली. प्रमुख सज्जन गृहस्थ होते, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. त्यांनी पत्राची प्रत वाचली, चष्मा काढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'हा निष्कर्ष फक्त पाठवलेल्या नमुन्यापुरता आहे.' ही ओळ आहे तोवर संस्थेला धक्का नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय तीन वर्षं काही झालं नाही. मग यंदा उन्हाळ्यात बाहेरून कळप आले, त्यांच्या पोटातून कृमी आला. त्यात आपला काय दोष? तिने सांगितलं की कृमी बाहेरून आला हे खरं, पण त्याला राहायला घर आहे की नाही एवढंच तर आपल्याला विचारलं होतं. आणि पाठवलेल्या नमुन्यापुरतासुद्धा निष्कर्ष चूकच आहे.

"बाई, कुणी विचारलंय का अजून?" प्रमुखांनी शांतपणे विचारलं.

कुणी विचारलं नव्हतं. तेच तर तिला स्वस्थ बसू देत नव्हतं.

शुक्रवार तिने कसाबसा काढला. सूक्ष्मदर्शकापाशी बसे, उठे, खिडकी उघडे, लावे. एका पाकिटावर तिने दोनदा चुकीचा पत्ता घातला. संध्याकाळी घरी आल्यावर तिने माळ्यावरून जुन्या रोजनिशा काढल्या. आपण चुकलो ते का चुकलो, याला काहीतरी कारण असणार, असं तिला वाटत होतं. त्या दिवसांत सासरे आजारी होते का? ताप होता का अंगात? वरून कुणी घाई केली होती? तिने तारीख शोधून काढली. पानावर दोनच ओळी होत्या. सकाळी तळ्याचा नमुना संपवला. दुपारी लवकर निघून पडद्यांचं कापड घेतलं.

सासरे त्या वर्षी ठणठणीत होते. तापबीप काही नव्हता. एक साधा, बरा दिवस होता तो.

शनिवारी सकाळी नवरा उठला तर ही स्टुलावर चढून दिवाणखान्याचे पडदे उतरवत होती. परवाच तर धुतले होते, असं तो म्हणाला. नवरा शाळेत गणित शिकवायचा; माणूस गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिने पडद्यांच्या ढिगाऱ्यावर बसून त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि चुका सगळ्यांच्याच होतात, असं म्हणाला. तेव्हा ती भडकली. गणितात चूक झाली तर पोराचा एक गुण जातो, मेंढ्या मरत नाहीत, असं ती बोलून गेली. त्याने तेही ऐकून घेतलं. मग म्हणाला, डॉक्टरला इतक्यात सांगू नकोस, आधीच लोक तिच्यावर उठलेत. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला की नाही, सांगायलाच हवं. मग म्हणाला, मला कुणी काही विचारूच नका. एकीकडे बायको, एकीकडे बहीण, मृदंगासारखं दोन्हीकडून मलाच बडवून घ्यायचंय. एरवी ती हसली असती.

रविवारी पहाटेच्या बसने ती तळ्याकडे निघाली. बरोबर गाळणी, चिमटे, झाकणाच्या बाटल्या आणि कापायचं सामान. बसमध्ये सबंध वाटभर तिने पिशवीचे बंद सोडले आणि बांधले.

दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर डॉक्टर एका मेलेल्या मेंढीवर वाकलेली होती. कोपरापर्यंत हातमोजे, केस विस्कटलेले. वहिनीला बघून तिला आश्चर्य वाटलं, आणि बरंही वाटलं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. तिने कापलेलं यकृत दाबून दाखवलं. नळ्यांमधून करडे, चपटे कृमी बाहेर आले. गेले पंधरा दिवस ती मेंढपाळांशी भांडत होती. ते म्हणत, तळ्यानेच मारलं. ती म्हणे, तळ्यात ती गोगलगायच नाही. माझी वहिनी एवढ्या मोठ्या संस्थेत आहे, तिने लिहून दिलंय, ती काळ्या दगडावरची रेघ. रोग दुसरीकडून आला असणार म्हणून तिने दोन विहिरी आणि एक ओढा धुंडाळला होता. तळं मात्र तपासलं नव्हतं.

तिथेच सांगून टाकावं, असं शंखबाईच्या तोंडावर आलं होतं. पण कोरड्या शंखांवर एकदा बोलून ती फसली होती. आधी जिवंत गोगलगाय बघते, असं म्हणून ती तळ्यावर गेली.

काठाला हिरवंगार गवत होतं, गुडघ्याएवढं. गवतात पाणी शिरलेलं. तिने पहिल्यांदाच गाळणी घातली आणि वर काढली तेव्हा जाळीवर आठ-दहा गोगलगायी होत्या, बोराएवढ्या, कानाच्या पाळीसारखं तोंड पसरून बसलेल्या. भिंग काढायचीही गरज नव्हती. तरी ती दुपारपर्यंत काठाकाठाने हिंडली, पंचवीस ठिकाणचे नमुने घेतले, दवाखान्याच्या टेबलावर वीस गोगलगायी कापून त्यांची आतली पिशवी आणि नळी मोजली. जसं पाणी तसा शंखाचा आकार बदलतो. आतली नळी सहसा बदलत नाही. वीसपैकी वीस थोरल्या. सहा जणींच्या पोटात कृमीची पिल्लं वळवळत होती.

मग तिने हात धुतले आणि डॉक्टरला सांगितलं. तेव्हा पाठवलेले शंख थोरलीचीच पिल्लं होती, ते मी नीट बघितलं नाही, हेही सांगितलं.

डॉक्टरने टेबलावरच्या बाटल्यांची झाकणं एकेक करून घट्ट केली.

"गेले पंधरा दिवस मी औषध बदलून बदलून बघतेय," ती शेवटी म्हणाली. "तळं तपासायचं रोज मनात येत होतं. रोज मी स्वतःला म्हणत होते, वहिनींचं पत्र आहे."

"माहीत आहे."

"नाही, तुम्हाला माहीत नाही. मेल्या त्यातल्या अर्ध्या मेंढ्या त्या पंधरा दिवसांत गेल्या."

डॉक्टरने बाहीने डोळे पुसले आणि म्हणाली की हे मी त्या लोकांना सांगणार नाही. पत्र तुमचं, तोंडही तुमचंच हवं. चारला सगळे औषधाला येतील, तेव्हा सांगा.

चारला दवाखान्याच्या आवारात पंधरा-वीस माणसं जमली. शंखबाईने आयुष्यात भाषण केलं नव्हतं. परिषदेत निबंध वाचायचा तरी ती कागदातून मान वर काढत नसे. इथे कागद नव्हता. ती उभी राहिली, आवाज दोनदा चिरकला, पण तिने सांगितलं. तळ्यात रोगाची गोगलगाय आहे. चार वर्षांपूर्वीही होती. ती नाही असं मी लिहून दिलं, ते चुकलं. डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांचा दोष नाही.

कुणी ओरडलं नाही. एक जण म्हणाला, आता सांगून काय, बैल गेला नि झोपा केला. दुसरा नुसता थुंकला आणि कळपाकडे निघून गेला. मागे एक म्हातारी उकिडवी बसली होती. तिच्या अकरा मेंढ्या गेल्या होत्या. तिने विचारलं, चूक कशी झाली ते सांग. शंखबाईने सांगितलं, पिल्लं होती, ती मला लहान जातीची वाटली.

"कोकराला कुणी बुटकी मेंढी म्हणतं का?" म्हातारी म्हणाली. "दात बघितले की कळतं. तुमच्यात बघायला काही नसतं?"

"असतं. ओठ बघायचा असतो."

"मग तुला कळलं नाही, का तू बघितलं नाहीस?"

प्रमुखांनी बोट ठेवलेली ती शेवटची ओळ शंखबाईच्या डोळ्यांपुढून गेली. रोजनिशीतलं पानही गेलं.

"बघितलं नाही," ती म्हणाली.

म्हातारीने मान हलवली. माफ केलं असंही नाही, नाही केलं असंही नाही. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि औषधाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

सोमवारी शंखबाईने दुरुस्तीचं पत्र लिहिलं. प्रमुखांनी सही करायला नकार दिला. आवाज चढवला नाही, नुसतं टोपण लावलेलं पेन तिच्याकडे परत सरकवलं. तिने स्वतःच्या सहीने पत्र पाणीखात्याला धाडलं. आठवड्याभरात कुरणाभोवती पुन्हा तारा लागल्या. पुढच्या आठवड्यात बाहेरून येणाऱ्या नमुन्यांचं काम तिच्याकडून काढून घेतलं गेलं आणि तळघरातल्या जुन्या डब्यांची यादी करायला तिला बसवलं. शिपाई तिचं सामान खाली पोचवायला आला तेव्हा म्हणाला की बाई, खाली उजेड कमी आहे, मी दिवा आणून देतो. तेवढाच काय तो निरोप समारंभ.

खाली तिच्याच हातच्या अकरा वर्षांच्या डब्या होत्या. यादीचं काम यादीच्या वेगाने चालेना. प्रत्येक डबी ती उघडू लागली. जिथे ओठ, वेढे, सगळं जमत होतं तिथेही पुन्हा मोजायची. आपण बरोबर होतो हे बघून तिला समाधान वाटायला हवं होतं, ते वाटत नसे. वाटे ते इतकंच की ही झाली, आता पुढची. दोनशेच्या वर डब्यांत तिला दोन शंकेच्या सापडल्या. दोन्ही ठिकाणी तिने पत्रं लिहिली. एका गावाहून उत्तर आलं की ते डबकं बुजवून त्यावर बसथांबा झाला, आपण काळजी करू नये. दुसऱ्याचं उत्तर आलंच नाही. ते महिनाभर तिला कुरतडत राहिलं. शेवटी ती स्वतः जाऊन नमुने घेऊन आली. जुना निष्कर्ष बरोबरच निघाला.

डॉक्टर मात्र घरी यायची थांबली. भावाला फोन करी, वहिनीची चौकशी करी, पण फोन दे म्हणत नसे. मध्येच एका शनिवारी तिचा निरोप आला, तोही नवऱ्याकडूनच. मेंढपाळांना चारा पुरत नाही, तळ्याचा सगळा काठ बंद ठेवायलाच हवा का, असं विचारलं होतं.

शंखबाई रविवारी गेली. मग पुढच्या रविवारीही गेली. तिने काठाचे चाळीस तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यातून गाळणी फिरवली. गवताळ, साचलेल्या पाण्यात सगळीकडे थोरली. पण उत्तरेला ओढा दगडांवरून खळाळत तळ्यात पडतो, तिथल्या शंभर-दीडशे पावलांत तिला थोरली सापडेना. तिथे खरोखरची धाकटी होती, जाड ओठांची, पुरत्या वयाची. सहा रविवार तिने तेच बघितलं. डॉक्टर पहिल्या दोन वेळा दवाखान्याच्या दारातूनच बोलली. तिसऱ्या वेळी चिखलाचे बूट घालून आली आणि बाटल्या धरायला लागली. बोलणं कामापुरतंच. चौथ्या वेळी तिने ओठ कसा बघायचा ते विचारून घेतलं, आणि पाचव्या वेळी शंखबाईच्या आधीच पिल्लू ओळखून बाजूला काढलं.

सहाव्या रविवारनंतर उत्तरेचा तुकडा चरायला उघडावा, असं ठरलं. म्हातारीने अट घातली. दर महिन्याला तू स्वतः येऊन बघायचंस. कागद नको. शंखबाईने कबूल केलं.

चार महिने ती जात राहिली. दर वेळी गाळणीत वर आलेल्या धाकट्या बघून जेमतेम महिनाभर पुरेल एवढा श्वास तिला मिळे. पाचव्या महिन्यात ओढा आटला होता. खळाळ थांबून दगडांत शेवाळ धरलं होतं. तिसऱ्या गाळणीत, धाकट्यांच्या घोळक्यात, एक गोगलगाय तिला जरा वेगळी वाटली. वाटाण्याएवढीच, पण काठ पातळ.

तिने ती तळहातावर घेतली. डॉक्टर जवळ आली, वाकून बघितलं आणि विचारलं, "थोरलीच का, नक्की?"

"नक्की नाही. एवढीशी इथे कापता येणार नाही, उद्या संस्थेत कापून सांगते."

"मग आज काय सांगू यांना?"

पलीकडे तीन कळप चरत होते. दुसरीकडे कुठेच गवत उरलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. आज काहीच न बोलता परत जावं, उद्या धाकटीच निघाली तर कुणाला त्रास नको, असा विचार शंखबाईच्या मनात आला आणि गेला.

"मेंढ्या काढायला सांग," ती म्हणाली. "उद्या मी चुकले असं ठरलं तर शिव्या खायला येते."

डॉक्टरने वळून मेंढपाळांना हाक मारली. कुरकुर झाली, व्हायचीच होती. एक जण म्हणाला, या बाईला गोगलगाय दिसली तरी पंचाईत, नाही दिसली तरी पंचाईत. म्हातारीने मात्र काही विचारलं नाही. काठी उचलली आणि आपला कळप वरच्या उघड्या माळाकडे वळवला. हळूहळू बाकीचेही निघाले. शंखबाईने ती गोगलगाय बाटलीत घातली, बाटलीवर तारीख आणि जागा लिहिली, जातीचा रकाना रिकामा ठेवला आणि चौथी गाळणी पाण्यात घातली. डॉक्टर बूट सावरत तिच्या शेजारी पाण्यात उतरली.